गाडी पाणी खातेय, पण खाली थेंब नाही? डॅशबोर्डमागची हीटर कॉइल तपासा

अहिल्यानगर : सोमवारी बाटली भरली, रविवारी बघावं तर पाणी पुन्हा खालच्या खुणेवर. गाडीखाली वाकून बघितलं तर जमीन कोरडीठाक. रेडिएटर ठीक, होज पाइप ठीक, वॉटर पंपाखालीही ओल नाही. मग पाणी जातं कुठं? जुनी मारुती ८००, झेन, इंडिका, सुमो किंवा बोलेरो सांभाळणाऱ्या घरांना हा प्रश्न नवा नाही. मारुती ८०० चं उत्पादन जानेवारी २०१४ मध्येच थांबलं, म्हणजे गावात फिरणारी सगळ्यात नवी ८०० सुद्धा आता दहा वर्षांच्या पुढं गेली. बोनेट उघडून सगळेच शोधतात, पण ड्रायव्हरशेजारच्या सीटपुढची चटई उचलून बघायचं सहसा कोणाच्या डोक्यात येत नाही. बऱ्याचदा हरवलेलं पाणी तिथंच मुरलेलं असतं.

डॅशबोर्डच्या आत, साधारण मधोमध, एक छोटा रेडिएटर असतो. आकार शाळेच्या वहीएवढा. इंजिनातलं गरम पाणी एका पाइपनं त्यात येतं, दुसऱ्यानं परत जातं, आणि पंखा त्यातून हवा ढकलतो. केबिनमध्ये येणारी गरम हवा ती हीच. कंपनीच्या भाषेत हा हीटर कोअर, गॅरेजमध्ये मात्र सगळे हीटर कॉइल म्हणतात. पार्ट मागताना एवढंच सांभाळा की ‘कुलिंग कॉइल’ ही एसीची, वेगळी वस्तू आहे. काउंटरवर घाईत अदलाबदल होते.

आपल्याकडे हीटर लावतो कोण, असं कोणीही म्हणेल. वर्षातले दहा महिने ते खरंही आहे. पण बटण बंद असलं तरी बऱ्याच गाड्यांत पाणी त्या कॉइलमधून बारा महिने फिरतच असतं. ज्या गाड्यांत पाणी अडवणारा कॉक आहे, तिथं उलटा प्रकार. कॉक वर्षानुवर्षं बंद, आत तेच पाणी साचलेलं, आणि त्या साचलेल्या पाण्यानं कॉइल आतून सडते. म्हणजे हीटर वापरा नाही तर नका वापरू, कॉइल म्हातारी होतेच.

काटा खाली, इंजिन उकळलेलं

चटई ओली झाली तर वाळवता येते, भीती तिची नाही. ही कॉइल आणि इंजिन एकाच पाण्यावर चालतात. कॉइलला भोक पडलं की गळतं ते इंजिनाचं पाणी. छोट्या गाडीत सगळं मिळून साडेतीन-चार लिटर, त्यातलं लिटरभर कमी झालं तरी चढाला गाडी हाक मारते. नगरहून पाथर्डीला जाताना करंजी घाट, संगमनेरजवळचा चंदनापुरी घाट, कल्याणकडं निघालं तर माळशेज. गाडी भरलेली, दुपारचं ऊन, दुसरा गिअर. सपाटीवर महिनाभर खपून गेलेली गळती इथं उघडी पडते.

त्यात एक फसवणूक अशी की तापमानाचा काटा नेहमी खरं बोलत नाही. सेन्सर पाण्यात बुडालेला असेल तोवर तो बरोबर दाखवतो. पाणी त्याच्याही खाली गेलं की काटा चक्क खाली येऊ शकतो, आणि चालवणाऱ्याला वाटतं गाडी थंड झाली. आत मात्र हेड तापून वाकत असतं. हेड गॅस्केट, हेड फेसिंग, नशीब खराब असेल तर इंजिनच सीज. जुन्या गाडीला एवढा खर्च परवडत नाही, गाडी भंगारात जाते.

गाडी तापल्याचं दिसलं तर बाजूला घ्या. वाटेतच हीटर पूर्ण गरमवर आणि पंखा पूर्ण जोरात लावा. उन्हाळ्यात हे वेड्यासारखं वाटेल, पण कॉइल हा छोटा रेडिएटरच आहे, तो इंजिनातली थोडी उष्णता केबिनमध्ये खेचून घेतो. हवा गरम यायच्या ऐवजी थंडच येत असेल तर समजा की पाणी संपत आलंय, आणि गाडी लगेच बंद करा. झाकण तासाभरापर्यंत उघडू नका. आतलं पाणी दाबाखाली शंभर अंशांच्या वर गेलेलं असतं, झाकण सैल होताच वाफेचा फवारा थेट तोंडावर येतो. तापलेल्या इंजिनवर गार पाणी ओतणं हाही तितकाच मोठा गुन्हा, बीडाला तडा जातो.

पाणी गळतंय की गाळतंय कोण?

चटई उचला, खालचा फोम दाबून बघा. ओल लागली तरी लगेच निष्कर्ष काढू नका. एसी असलेल्या गाडीत एसीचा ड्रेन पाइप मातीनं तुंबला की तेच पाणी आत येतं. पावसाळ्यात पुढच्या काचेचं रबर गळतं. एसीचं आणि पावसाचं पाणी बोटांत चोळलं तर साध्या पाण्यासारखं लागतं. कुलंट चिकट असतं, हिरवा, निळा, गुलाबी असा रंग असतो आणि वास गोडसर. वास घ्या, चाखून मात्र बघू नका. त्याचं कारण पुढं येईल. ज्यांनी वर्षानुवर्षं नुसतं पाणीच भरलंय त्यांच्या गाडीत गोड वास येणारच नाही. तिथं तांबूस, गंजाचं पाणी आणि कुबट वास शोधायचा.

दुसरी खूण काचेवर. हीटर किंवा ब्लोअर लावला की पुढच्या काचेला आतून तेलकट धुकं धरतं, फडक्यानं पुसलं तर पसरतं, जात नाही. ही बहुतेक वेळा कॉइलचीच निशाणी.

चटई कोरडी, काच स्वच्छ आणि तरी पाणी कमी होतंय? मग धूर बघा. गाडी तापल्यावरही सायलेन्सरमधून पांढरा धूर येत राहिला, किंवा ऑइलच्या झाकणाला आतून दुधाळ चहासारखी साय दिसली, तर पाणी हेड गॅस्केटमधून इंजिनात जातंय. ते काम घरचं नाही.

कॉइलला खाल्लं कोणी?

बहुतेक वेळा पाण्यानंच. जिल्ह्यात बोअरचं पाणी जड. प्रवरेच्या आणि मुळेच्या लाभक्षेत्रात तर क्षारपड जमिनीनं पाणीही खारट केलंय. अंघोळीचा बंब ज्यांच्याकडं आहे त्यांनी त्याच्या आतला पांढरा थर बघितलेला असतो. पाणी तापलं की त्यातला चुना सुटून धातूला चिकटतो. रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी ओतलं की तोच थर गाडीत बसतो, आणि सगळ्यात आधी बसतो कॉइलमध्ये, कारण तिच्या नळ्या सगळ्यात बारीक. थराखाली धातू कुजतो, आणि खारट पाणी ॲल्युमिनियमला वेगळं खातं.

मग येते हळद. रेडिएटर गळतोय तर मूठभर हळद टाका, हा उपाय ट्रकवाल्यांपासून ट्रॅक्टरवाल्यांपर्यंत सगळ्यांना माहीत आहे. तो अगदीच खोटा नाही. हळद फुगून बारीक भोकात बसते आणि माळरानावर अडकलेली गाडी घरापर्यंत येते. पण हळदीला भोक कोणतं आणि नळी कोणती हे कळत नाही. ती कॉइलच्या नळ्याही बुजवते. दुकानात मिळणाऱ्या लीक बंद करणाऱ्या बाटल्यांचंही थोड्याफार फरकानं तसंच. घरी पोचल्यावर सगळं धुऊन काढायचं असेल तरच टाका.

बायपास करायचं की बदलायचं?

गॅरेजमध्ये गेलं तर दहा मिनिटांत उत्तर मिळतं : बायपास. इंजिन आणि केबिन यांच्या मधल्या पत्र्यातून कॉइलला जाणारे दोन पाइप काढायचे आणि एका वळलेल्या होजनं इंजिनाकडची दोन्ही तोंडं एकमेकांना जोडून टाकायची. कॉइल कोरडी, गळती बंद, डॅशबोर्डला हात नाही. यात चूक काही नाही. श्रीगोंदा, कर्जत, जामखेडच्या बाजूला दिवसाच गाडी चालवणाऱ्याला एवढं पुरेसं आहे. फक्त दोन्ही तोंडांना बूच मारून ठेवायला सांगू नका. काही इंजिनांत थर्मोस्टॅट उघडेपर्यंत पाणी फिरायला हीच एक वाट असते, ती बंद केली तर इंजिन एका बाजूला तापतं. पाणी फिरतं राहिलं पाहिजे.

पण ज्यांची गाडी पहाटे निघते त्यांनी विचार करावा. दूध, भाजी, फुलं घेऊन तीन-चार वाजता रस्त्याला लागणारी गाडी, आणि हिवाळ्यात पारा दहा अंशांच्या खाली उतरलेला. आत तीन माणसं बसली की त्यांच्या श्वासानंच पुढची काच धुरकट होते. एसी असेल तर तो लावून काच साफ होते. बिगर-एसी गाडीत ते काम हीटरच करतो. अकोल्यात भंडारदरा, घाटघर, रतनवाडीच्या बाजूला तर पावसाळ्यातही हीच गत. एका हातानं स्टिअरिंग आणि दुसऱ्या हातानं काच पुसणं, समोरून उसाची बिनदिव्याची ट्रॉली. अशांनी बायपासवर वर्षं काढू नयेत. कॉइल बदलावी.

कॉइलची किंमत बहुतेक वेळा मजुरीपेक्षा कमी असते. मजुरी लागते ती डॅशबोर्ड काढून पुन्हा बसवायला. म्हणूनच हे काम घरी करण्यात पैसे वाचतात. पान्यांचा सेट, स्क्रूड्रायव्हर, पक्कड, नवे होज आणि क्लिपा एवढं लागतं. पण पहिल्यांदा करणाऱ्यानं दोन दिवस हातात धरावेत. दुसऱ्या दिवशी लग्नाला जायचंय आणि आज डॅशबोर्ड खोललाय, असं करू नये. गाडीला एअरबॅग असेल तर डॅशबोर्ड आणि स्टिअरिंगला घरी हात लावू नका. एसीची गॅस लाइन सोडल्याशिवाय कॉइल बाहेर येत नसेल तरीही काम एसीवाल्याकडंच द्या.

सुरुवात पाणी काढण्यापासून

इंजिन पूर्ण थंड हवं, रात्रभर उभी असलेली गाडी उत्तम. बॅटरीची मायनसची वायर काढून बाजूला बांधा. रेडिएटरखाली पसरट भांडं ठेवून पाणी सोडा.

भांडं कोणतं, हे महत्त्वाचं आहे. बहुतेक कुलंटमध्ये इथिलीन ग्लायकॉल असतं. चवीला गोड, म्हणून कुत्रं, मांजर, वासरू, रांगतं पोर, कोणीही तोंड लावतं. पोटात गेलं की विष. आधी दारू प्यायल्यासारखी झिंग आणि उलट्या होतात, मग थोडं बरं वाटल्यासारखं होतं आणि त्यानंतर मूत्रपिंडं निकामी होतात. त्या मधल्या ‘बरं वाटतंय’ला फसून घरी थांबू नका. १०८ ला फोन करा, कुलंटचा डबा सोबत न्या. यावर औषध आहे, पण ते रुग्णालयातच देता येतं आणि वेळेत द्यावं लागतं. तेव्हा ज्या घमेल्यात जनावरांना पेंड किंवा पाणी देता ते इथं घेऊ नका. काढलेलं कुलंट झाकणाच्या कॅनमध्ये भरून वर मोठ्या अक्षरात ‘विष’ लिहा आणि गॅरेजमध्ये द्या. गटारात, विहिरीजवळ, उकिरड्यावर ओतू नका. सांडलेल्या जागेवर भरपूर पाणी मारा.

आता पत्र्यातून आत जाणारे दोन होज. वर्षानुवर्षं बसलेला होज पकडीनं पिरगाळला तर कॉइलची पातळ नळीच मोडते. ब्लेडनं होज लांबीत चिरून सोलून काढा, नाही तरी नवाच लावायचाय. दोन्ही नळ्या मोकळ्या झाल्या की एका नळीतून सायकलच्या पंपानं हळू हवा मारा, उरलेलं पाणी दुसरीतून बाटलीत येईल. हे राहिलं तर तेच पाणी नंतर केबिनमध्ये सांडतं.

डॅशबोर्डला हात लावण्याआधी मोबाइल काढा. प्रत्येक स्क्रू, प्रत्येक वायरची जोडणी, प्रत्येक केबलची जागा, फोटो काढत चला. थोडेच काढू म्हणणाऱ्याची दुसऱ्या दिवशी पंचाईत होते. स्क्रू सगळे सारखे दिसतात पण लांबी वेगळी असते. अंड्यांचा रिकामा ट्रे घ्या आणि ज्या क्रमानं काढले त्या क्रमानं एकेका खळग्यात टाका. गाडीगाडीत फरक असतो. काही ठिकाणी ग्लोव्ह बॉक्स आणि एक पत्रा काढला की कॉइल बाजूनं सरकून येते, काही ठिकाणी मीटर, स्पीडोमीटरची केबल, हीटरची बटणं, स्टिअरिंगखालचं कव्हर असं करत सगळा डॅशबोर्ड पुढं घ्यावा लागतो. न काढताच होतंय का, ते आपल्या मॉडेलच्या व्हिडिओत आधी बघून घ्या. प्लॅस्टिक वीस वर्षं उन्हात वाळलेलं आहे, ओढून काढायचं म्हटलं की कान तुटतात. अडलं तर जोर लावण्याआधी राहिलेला स्क्रू शोधा, एखादा हमखास राहिलेला असतो.

हीटरचा डबा उघडल्यावर काय निघेल सांगता येत नाही. बाजरीचा भुसा, चिंध्या, उंदराचं घर. पोत्यांशेजारी उभ्या राहणाऱ्या गाड्यांत तर हे ठरलेलंच. तोंडाला रुमाल बांधून, पाणी शिंपडून साफ करा. पंख्याच्या पात्यांतही कचरा असतो, आत्ताच काढला तर नंतर घरघर येणार नाही.

जुनी कॉइल आणि नवी कॉइल शेजारी ठेवून ताडून बघा. लांबी, जाडी, नळ्या कोणत्या बाजूला. जुनी पितळेची आणि भोक एकच असेल तर रेडिएटरवाला ती डाग देऊन दुरुस्तही करतो. तपासणी पंक्चरवाल्यासारखीच करायची. एक नळी बंद करून दुसरीतून हवा द्यायची आणि कॉइल पाण्यात बुडवायची. हवा एक बारच्या वर, म्हणजे पंधरा पौंडांच्या वर जाऊ देऊ नका, टायरची हवा इथं चालत नाही. नवी कॉइलही अशी तपासून घेतली तर नंतर शिव्या द्यायची वेळ येत नाही. कडेनं जुना फोम चिकटलेला असेल तो काढून नवा लावा, नाही तर हवा कॉइलमधून न जाता बाजूनं निसटते.

डॅशबोर्ड बसवण्याआधी

घरी काम करणारे सगळ्यात जास्त चुकतात ते इथं. कॉइल बसली, होज लागले की आनंदात डॅशबोर्ड चढवतात, आणि संध्याकाळी चटई पुन्हा ओली. मीटर आणि आवश्यक वायरी तेवढ्या जोडा, पाणी भरा, गाडी चालू करून पूर्ण तापू द्या आणि टॉर्च घेऊन दोन्ही जोडांवर कोरडा कागद फिरवा. कागद कोरडा राहिला तरच पुढं जा.

पहिलं भरणं साध्या पाण्याचं, धुण्यासाठी. इंजिनात अनेक वर्षांचा गंज आणि कदाचित हळदही आहे, ती नव्या कॉइलमध्ये जायला नको. गाडी तापवून, थंड होऊ देऊन पाणी सोडा. स्वच्छ येईपर्यंत दोन-तीन वेळा करा. शेवटचं भरणं कुलंटचं. तयार मिळतं ते तसंच ओता. घट्ट असेल तर डब्यावर लिहिलेल्या प्रमाणात बॅटरीच्या दुकानात मिळणारं डिस्टिल्ड वॉटर घाला. निम्मं-निम्मं हे नेहमीचं प्रमाण. कुलंट थंडीसाठी असतं, आपल्याला काय करायचंय, हा समज चुकीचा आहे. ते उकळण्याचा बिंदूही वाढवतं आणि आतला धातू गंजण्यापासून वाचवतं, आणि आपल्याला तेच हवंय. डिस्टिल्ड मिळालंच नाही तर गावच्या आरओचं पाणी चालवून घ्या, बोअरचं नको.

भरताना गाडीचं तोंड उताराच्या वरच्या बाजूला ठेवा आणि हीटर पूर्ण गरमवर. कॉइल आणि पाइपांत हवा अडकते, ती रेडिएटरच्या तोंडातून वर यायला हवी. थंड इंजिन, झाकण उघडं, गाडी संथ चालू. बुडबुडे येतील, पातळी खाली जाईल, ओतत राहा. रेडिएटरचा वरचा होज गरम झाला आणि हीटरमधून गरम हवा आली की हवा निघाली असं समजा आणि झाकण लावा. झाकणाचं रबर वाळलं असेल तर झाकणही नवं घ्या, दाब न धरणारं झाकण पाणी फेकत राहतं.

हीटर सुरू झाला म्हणून बंद काचांच्या उभ्या गाडीत इंजिन चालू ठेवून झोपू नका. त्यात कॉइलचा दोष नाही, सायलेन्सरचा धूर आत येऊन माणसं झोपेतच गेलीत.

पुढचे तीन दिवस सकाळी, गाडी चालू करण्याआधी, बाटलीची पातळी बघा. पहिल्या दिवशी बोटभर उतरणं स्वाभाविक आहे, राहिलेली हवा निघते. ती भरून घ्या. चौथ्या दिवशीही पाणी उतरतंय आणि चटईचा फोम कोरडा असेल, तर गळती दुसरीकडं आहे. तेव्हा डॅशबोर्डला पुन्हा हात न लावता गाडी हेड गॅस्केट तपासायला न्या.